मांडीचा मान

खांब उभे होते, तुळया चढल्या होत्या, अरावा शहराहून ट्रकने आणलेले पत्रे गवतात थप्पी लावून पडले होते, आणि छपरावर चढायला एकही माणूस तयार नव्हता.

"अरे चढा की! पत्र्याला काय दात आहेत, चावायला?" स्कोलास्टिका खालून ओरडली.

गडी खांबांना टेकून सुपारी चघळत होते. त्यातल्या एकाने लाल पिंक टाकली आणि म्हणाला, "पत्र्याला नाहीत, स्कोलाताई. जमिनीला आहेत."

बाकीचे फिदीफिदी हसले. स्कोलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ऑस्ट्रेलियात, केर्न्समध्ये तिच्यासमोर असं बोलायची कुणाची छाती नव्हती. तिकडे ती मोठी मालकीण होती. लढाईच्या धामधुमीत मोटारबोटीत बसून आधी शेजारच्या सॉलोमन बेटांवर पळाली, तिथून ऑस्ट्रेलियाला गेली, परक्या हॉटेलात पलंग लावले, शौचालयं घासली, मग स्वतःची लॉन्ड्री काढली. आता अर्ध्या शहरातल्या हॉटेलांच्या चादरी तिच्याकडे धुवायला यायच्या. त्या लॉन्ड्रीतला निम्मा वाटा विकून ती आमच्या बूगनविल बेटावर परत आली होती, कोको वाळवायचं मोठं घर बांधायला. आमची जुनी वाळवणघरं लढाईत जळाली. तेव्हापासून लोक गंजक्या पिंपांवर, ओल्या लाकडाच्या धुरात बिया वाळवतात, आणि बुका बंदरातला व्यापारी पोत्यात नाक घालून तोंड वाकडं करतो. स्कोलाचं घर झालं असतं तर ते तोंड सरळ झालं असतं.

गाव खूश होतं. पाद्रीबाबांनी रविवारी तिचं नाव घेऊन सांगितलं, मोडलेलं गाव उभं करायला आपली लेक परत आली आहे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. स्कोलाने मान खाली घातली, लाजल्यासारखी. लाजतेय कसली! गाव उभं करणं तिच्या मनात दुसऱ्या नंबरला होतं. पहिल्या नंबरला एका माणसाला आडवं करणं होतं.

त्या माणसाचं नाव अलोइस. रविवारी चर्चमध्ये सगळ्यात पुढे उभा राहून गाणारा, कुणाचं डुक्कर हरवलं तर आधी धावणारा, म्हाताऱ्यांची लाकडं फोडून देणारा. लोकांना तो आवडायचा, आणि नेमकं तेच स्कोलाच्या डोळ्यात खुपायचं. खाणीवरून पेटलेली ती लढाई शेवटी शेवटी भावाभावांत शिरली होती. सरकारी सैन्याच्या छावणीत जाणारे एकीकडे, रानात राहिलेले दुसरीकडे, आणि दोघांच्या मधे जो सापडेल तो मेला. त्यात अलोइसने स्कोलाच्या भावाला, लिनसला, मारलं आणि रानात कुठेतरी पुरलं. लिनस हा तिचा पाठचा, एकुलता एक भाऊ. तिची आई मरेपर्यंत रानातून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिली, माझं पोर कुठे ठेवलंत? कुणी सांगितलं नाही. ज्याला ठाऊक होतं तो चर्चमध्ये गात होता.

मोठ्यांना सगळ्यांना हे माहीत होतं. पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. लढाईनंतर अलोइसने लग्न केलं ते नेमकं स्कोलाच्या मावसबहिणीशी, रोझिलाशी. बिचारीला आपल्या नवऱ्याच्या हातून काय झालंय ते लग्नानंतर कळलं, तोवर पोटात पोर होतं. पुढे रोझिला तापाने गेली. मागे उरली तिची मुलगी फिलोमिना, आणि अलोइस बायकोच्या जमिनीवर तसाच राहिला.

आमच्याकडे जमीन बाईची. आईकडून मुलीकडे जाते, पुरुष नुसता कसतो. धनेश पक्ष्याचं नाव लावणाऱ्या त्यांच्या कुळाची सगळ्यात मोठी बाई आता स्कोला. तिला मूलबाळ नाही, म्हणजे तिच्यामागे हे सगळं फिलोचं. आणि कुळाच्या मोठ्या बाईने "उद्यापासून इथे दिसू नकोस" म्हटलं की कुणाच्याही नवऱ्याला आपली चटई उचलावी लागते. स्कोलाला तेवढे चार शब्द बोलायचीच खोटी होती. केर्न्सच्या इस्त्रीच्या वाफेत उभी राहून तिने ते शब्द हजारदा मनात म्हटले होते.

पण अलोइस गेला असता तर लिनसची हाडंही गेली असती. जागा त्या एकट्यालाच माहीत होती.

त्यात हे छप्पर अडलं. न बोललेलं रक्त ज्या जमिनीत आहे तिथे कुणी छप्पर घालत नाही, आधी समेट व्हावा लागतो. मारणाऱ्याने हाडं उकरून आणायची, मेलेल्याच्या कुळातल्या बाईच्या मांडीवर ठेवायची, आणि कसं मारलं ते तिच्या तोंडावर, सगळ्यांदेखत, काहीही न लपवता सांगायचं. मग तिने एक सुपारी फोडून अर्धी त्याला द्यायची. दोघांनी ती चघळली की संपलं. नंतर सूड नाही, शिव्या नाहीत, त्या गोष्टीचा उल्लेखसुद्धा नाही. जो मोडेल त्याला कूळ तोडतं.

स्कोलाला हाडं हवी होती. आणि सूडही हवा होता. दोन्ही एका हातात मावत नव्हती.

"मी त्याच्याबरोबर सुपारी खाऊ?" ती पेत्रुसमामावर कडाडली. पेत्रुसमामा म्हणजे तिच्या आईचा भाऊ, कुळातला सगळ्यात म्हातारा पुरुष. "माझ्या भावाला खाल्लं त्याने, आणि मी त्याच्या हातात सुपारी ठेवू? थू!"

"थुंकू नकोस, इथं रताळी सोलतोय मी," मामा म्हणाला. "हे बघ पोरी, सगळ्यांनी केलं. माझ्या पोराचं बोट ज्याने तोडलं तो माझ्याबरोबर मासे धरायला येतो. काय करणार? बेट केवढंसं आहे."

"तुमच्या पोराचं नुसतं बोट होतं, मामा. माझा भाऊ होता."

मामाने पुढचं रताळं सोलायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी अलोइस स्वतःच आला. कुंपणापाशी उभा राहिला, टोपी हातात, कुणाच्या दारात मागायला आल्यासारखा.

"स्कोला, मी तयार आहे. जागा दाखवतो. हाडं काढून आणतो."

ती पत्र्यांवर बसून चहा पीत होती. उठली नाही.

"फक्त एक मागणं आहे," तो म्हणाला. "आधी एकदा तुझ्याशी एकट्याने बोलू दे. सगळ्यांसमोर सांगायच्या आधी तू ऐकावंस असं काहीतरी आहे."

"एकट्याने? का रे? माझ्या भावाला एकट्याला गाठलंस तसं मला गाठायचंय?"

"तसं नाही गं. तुझ्या भल्याचं..."

"माझं भलं!" ती ताडकन उठली, कप कलंडला. "माझ्या भल्याचा विचार तुला वीस वर्षांनी सुचला होय? मी तुझं एकटीने ऐकायचं, तुझ्यासाठी रडायचं, आणि मग सगळ्यांपुढे तू दोन गोड शब्द बोलून मोकळा, असंच ना? जे सांगायचं ते सगळ्यांपुढे सांग. चल, नीघ."

तो निघाला. वळताना पुन्हा म्हणाला, "एकदा ऐक, स्कोला." तिने त्याच्याकडे पाठ केली.

तिला सूड कसा घ्यायचा ते त्याच दुपारी सुचलं, आणि तेही फिलोच्या तोंडून.

फिलो ट्रक शिकत होती. स्कोलाच शिकवत होती. खरं तर या पोरीवर जीव लावायचा नाही असं तिने आल्या आल्या ठरवलं होतं, पण पोर होतीच तशी. रोझिलाचे डोळे, लिनससारखं मोठ्याने हसणं. मावशी मावशी करत दिवसभर मागे. बियांचा वास घेऊन आंबल्यात की नाही ते सांगायची, हिशेबी होती, आणि गियर टाकताना जीभ बाहेर काढायची.

"क्लच दाब गं बाई, क्लच! ट्रक आहे, डुक्कर नव्हे टाच मारायला."

"डुक्कर बरं, मावशी, ते ओरडलं तर कळतं तरी!" फिलो हसली. मग रस्ता सरळ झाल्यावर म्हणाली, "लढाईत म्हणे बाबांनी खोबरेल तेलावर गाडी चालवली होती. सगळीकडे भज्यांचा वास यायचा म्हणे. मावशी, खरं का गं?"

"तुझ्या बाबांनी अजून काय काय सांगितलं लढाईतलं?"

"एवढंच. केळीच्या खोडातून मीठ काढायचे, तेलावर जनरेटर चालवायचे. बाबांना कुणाला मारताच आलं नसतं, कोंबडी कापायची तरी मलाच हाक मारतात." ती अभिमानाने म्हणाली. "मावशी, लिनसमामाची हाडं कोण आणणार आहे? मला कुणी नीट सांगतच नाही. ज्याने मारलं त्याला मी बघणार आहे. डोळ्यात डोळे घालून."

बाहेर नारळाची झाडं मागे पळत होती आणि तिच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. हाडं कुळातल्या बाईच्या मांडीवर ठेवायची. कुठल्या बाईच्या, ते मोठी बाई ठरवते. आणि ही पोर अलोइसची नव्हेच! आमच्याकडे पोर आईच्या कुळाचं. लिनस तिचा मामा.

"बघशील," ती म्हणाली. "अगदी जवळून बघशील."

मामाला तिने संध्याकाळी सांगितलं. म्हाताऱ्याच्या हातातला सुपारीचा चुना ठेवायचा वाळका भोपळा खाली पडला.

"येडी झालीस का? त्या लेकराला ठाऊक नाही."

"कळेल ना. बापाच्या तोंडूनच कळेल. काहीही न लपवता सांगायचं असतं, तुम्हीच म्हणता."

"स्कोला, तिचा काय गुन्हा?"

"माझ्या आईचा काय होता?" तिचा आवाज चिरकला. "मी त्याला हात लावत नाही. शिवी देत नाही. घराबाहेर काढत नाही. रिवाजातलं एक पान हलवत नाही. मग का पोटात दुखतंय सगळ्यांच्या?"

मामाने पडलेला भोपळा उचलला. "एक लक्षात ठेव," तो म्हणाला. "मांडीचा मान एकदा दिला की दिला. ज्या मांडीवर हाडं, तिचाच मेलेल्यावर हक्क. तीच वरच्या टेकडीवर पुरणार, तीच तिथे रडणार. मान देणाऱ्या बाईला, म्हणजे तुला, हात लावता येणार नाही. टेकडीवर जाता येणार नाही. तू खाली राहून डुक्कर शिजवायचं. आयुष्यभर या दिवसाची वाट बघितलीस ना?"

लिनसचं डोकं मांडीवर घेऊन तिने त्याला लहानपणी झोपवलं होतं, उवा काढल्या होत्या. तीच मांडी तिने इतकी वर्षं राखून ठेवली होती. पण मग तिला चर्चमध्ये गाणारा अलोइस दिसला, डोळे मिटलेला, सुखी. तिने दात-ओठ खाल्ले.

"फिलो बसेल," ती म्हणाली.

समेटाच्या दिवशी अख्खं गाव बिनछपराच्या खांबांमध्ये जमलं. डुकरं बांधलेली, चुली पेटलेल्या, बायका केळीच्या पानांत कंद गुंडाळत बसलेल्या. मधोमध चटई अंथरली होती. फिलो नव्या झग्यात तिच्यावर बसली होती, मान मिळाला म्हणून ताठ. मुलं तिला खुणा करत होती, ती त्यांच्याकडे बघून हसू दाबत होती.

अलोइस टेकडीच्या वाटेने उतरला. हातात कापडात बांधलेलं गाठोडं. ते इतकं लहान होतं की स्कोलाला ओरडावंसं वाटलं, उरलेला कुठे आहे? अलोइस गर्दीतून पुढे आला, चटईवर लेक दिसली, आणि तो तिथेच थिजला.

"बाबा?" फिलो म्हणाली. "तुम्ही कशाला आणलंत? ज्याने मारलं तो कुठे आहे?"

अलोइसने स्कोलाकडे बघितलं. त्या नजरेत भीक होती, उघडी, भर गावात. स्कोलाने ती नजर पुरती भोगली. हो, भोगली, खोटं कशाला बोला? इतक्या वर्षांत काही इतकं गोड लागलं नव्हतं.

"ठेव की," ती म्हणाली. "नाहीतर परत घेऊन जा."

तो गुडघ्यांवर बसला. गाठोडं मुलीच्या मांडीवर ठेवलं. फिलोचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू पांढरा पडत गेला. तिला कळलं होतं, तरी तिने रिवाजाप्रमाणे विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"माझ्या मामाला कसं मारलंस?"

"ओढ्याजवळ," अलोइस म्हणाला. "मी रानातल्यांच्या पहाऱ्यावर होतो. लिनस वाटेने आला. माझा दोस्त होता, आम्ही एका वर्गात होतो. पण त्याच्या अंगात नवा शर्ट होता. निळा, घडीचा. तेव्हा आमच्याकडे नवं कापड कुठलं? सैन्याने बोटी बंद केलेल्या, दुकानं जळालेली, आम्ही पोती नेसायचो. नवा शर्ट म्हणजे सैन्याच्या छावणीत जाऊन आलेला, आमची नावं सांगून आलेला. मी विचारलं, कुठून आणलास? तो बोलेना. मी मारलं. तरी बोलेना. बाकीचे येत होते, मलाही भीती होती, तेव्हा कुणालाच कुणाचा भरवसा नव्हता. तो म्हणाला, अलोइस, तुला नाही सांगता येत, पण छावणीतला नाहीये रे. मी विश्वास ठेवला नाही." तो थांबला. "कोयत्याने मारलं. एका घावात गेला नाही. माझं नाव घेत होता."

बायकांमध्ये कुणीतरी हुंदका दिला. फिलो हलली नाही.

"शर्ट कुठून आला होता?" तिने विचारलं.

अलोइसने मान खाली घातली.

"सगळं सांगायचं असतं," ती म्हणाली. "काही लपवायचं नाही."

"तुझ्या आईने मला नंतर सांगितलं, लिनस तिला एकटीला बोलला होता. चोरून एक मोटारबोट यायची सॉलोमनहून. औषधं आणायची. बोट कुठे लागते ते लिनसला माहीत होतं, ते कुणाला कळलं असतं तर बोटवाले मेले असते. म्हणून तो बोलला नाही." त्याचा आवाज फुटला. "त्या बोटीतून त्याच्या बहिणीने शर्ट पाठवला होता. वाढदिवसाला."

सगळं गाव स्कोलाकडे वळलं.

तो शर्ट तिनेच सॉलोमनमध्ये, होनियाराच्या बाजारात घेतला होता. पहिल्या पगारातून. दुकानदाराने दोन दाखवले होते, एक मळकट, करडा. तिने निळाच उचलला होता, कारण लिनसला भपका आवडायचा. बोटवाल्याने सांगितलं होतं, औषध पाठव, मीठ पाठव, बाई, कपडे नको. तिने त्याच्या हातापाया पडून शर्ट कोंबला होता पिशवीत. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. आणि हा माणूस कुंपणाशी उभा राहून हेच तर सांगायला आला होता, एकट्याने, हळू आवाजात.

"मावशी," फिलोने विचारलं, "तू पाठवला होतास?"

"हो," स्कोला म्हणाली.

फिलोने मान हलवली. मामाने पुढे केलेली सुपारी तिने दाताने फोडली, अर्धी तोंडात टाकली, अर्धी हातावर धरली.

"घे, अलोइस," ती म्हणाली.

बाबा नाही. अलोइस. जन्मात पहिल्यांदा तिने बापाला नावाने हाक मारली, आणि त्या माणसाचे खांदे स्कोलाच्या डोळ्यांदेखत खचले. त्याने सुपारी घेतली, चघळता चघळता ढसाढसा रडला. हेच हवं होतं स्कोलाला. अगदी हेच, आणि असंच. तिने आनंद व्हायची वाट बघितली, पण तो झालाच नाही.

फिलो गाठोडं छातीशी धरून उठली. तेव्हा स्कोलाचे पाय आपोआप पुढे गेले. तिने हात पसरले.

"फिलो, एकदा दे. एकदाच. मी लहानपणी त्याला..."

"तू मांडी मला दिलीस, मावशी." पोरीचे डोळे कोरडे होते. "मला ट्रकमध्ये माहीत नव्हतं आणि तुला माहीत होतं. मी तुझ्याशेजारी बसून हसत होते. मला आधी सांगितलं असतंस तर मी तुझ्यासाठी काहीही केलं असतं. बापाला मीच हाकललं असतं." तिने गाठोडं दुसऱ्या कुशीवर घेतलं. "हात काढ."

स्कोलाने हात काढले. कुळाच्या बायका फिलोमागे निघाल्या, टेकडीच्या वाटेला लागल्या. सगळ्यात मागून अलोइस गेला, खांद्यावर कुदळ घेऊन. खड्डा खणायचं काम मारणाऱ्याचंच असतं.

समेट झाला होता. गड्यांनी शिड्या लावल्या. पहिला पत्रा वर गेला, हातोडे सुरू झाले. "ताई, सरळ आहे ना बघा!" एक जण वरून ओरडला, आणि तिने सरळ आहे म्हणून हात केला. मग ती चुलीपाशी जाऊन बसली आणि डुकराच्या मांसावर पानं झाकू लागली, कारण तिच्या वाट्याला तेवढंच काम उरलं होतं.

पेत्रुसमामा येऊन शेजारी टेकला. टेकडी चढायची ताकद त्याच्यात आता नव्हती.

"झालं तुझ्या मनासारखं?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात.

"झालं, मामा."

वरून रडण्याचा पहिला सूर आला. फिलोचा होता. ती लिनसमामा, लिनसमामा म्हणून हाका मारत होती, ज्याला तिने कधी बघितलंही नव्हतं त्याला, आणि बाकीच्या बायका तिच्या हाकेत हाक मिसळत होत्या. स्कोलाचं तोंड उघडलं. छातीतून काहीतरी वर आलं, वीस वर्षांचं, नावासकट.

मामाने तिच्या दंडावर हात ठेवला.

"इथून नाही, पोरी," तो म्हणाला. "आता ते रडणं तुझं नाही."

स्कोलाने तोंड मिटलं आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.